गाडीचा वर्षावास : उघड्यावरच्या गाडीला पांघरूण कोणते घालावे?

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खू संघाचा वर्षावास असतो. पावसाचे तीन महिने भिक्खू एका ठिकाणी राहतात आणि आपल्या विहारांतून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. नेमक्या याच दिवसांत आपल्या वस्तीतल्या आणखी एका वस्तूचे फिरणे थांबते. ती म्हणजे दाराशी उभी असलेली गाडी. कामावर जाणारा माणूस लोकलने किंवा एस.टी.ने जातो. रस्त्यात खड्डे आणि पाणी, त्यामुळे गावी जाणे लांबणीवर पडते. मग जूनमध्ये उभी केलेली चारचाकी थेट दसऱ्यालाच जागची हलते.

ती उभी असते ती मात्र उघड्यावर. चाळीच्या मागे, नाल्याच्या कडेला, बुद्धविहाराच्या आवारात, नाहीतर इमारतीखाली जागा न मिळाल्यामुळे कुंपणाला लागून. गॅरेज असलेली घरे आपल्यात किती? म्हणून घरातला कोणीतरी बाजारात जाऊन निळे प्लास्टिक आणतो, गाडीवर टाकतो, सुतळीने आवळतो, चार कोपऱ्यांना चार दगड बांधतो आणि निश्चिंत होतो. सप्टेंबरअखेर प्लास्टिक काढले की रंगावर पांढरे डाग, दरवाजाच्या खालच्या कडेला गंज, आत बुरशीचा वास आणि बॅटरी बसलेली. पावसापासून वाचवायला घातलेल्या पांघरुणानेच घात केलेला असतो.

हे टाळता येते, आणि त्यासाठी फार पैसे लागतात असेही नाही. म्हणून या वेळच्या कुटुंब पानात गाडीच्या कव्हरविषयी सविस्तर लिहावयाचे आम्ही ठरविले आहे.

ही चैनीची गोष्ट नव्हे

कोणी म्हणेल, आपल्या साप्ताहिकात गाडीच्या कव्हरचे काय काम? काम आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आत्मकथनपर लेखनात वाहनाशी निगडित दोन प्रसंग सांगितले आहेत. 1901 साली लहानगे भीमराव भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले. मसूर स्टेशनवर उतरल्यावर ही मुले अस्पृश्य आहेत असे कळताच कोणी बैलगाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक गाडीवान तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि आपण पायी चालायचे, या अटीवर. दुसरा प्रसंग 1929 सालचा, चाळीसगावचा. तोपर्यंत बाबासाहेब परदेशातून उच्च पदव्या घेऊन आलेले बॅरिस्टर होते. तरीही टांगेवाल्याने त्यांचा टांगा हाकण्यास नकार दिला. तेव्हा आपल्याच समाजातील एकाने, ज्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती, त्याने तो हाकला. पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले.

ज्या समाजाच्या सर्वांत मोठ्या माणसाला भाड्याची गाडी नाकारली गेली, त्या समाजातील कुटुंबाच्या दाराशी आज स्वतःची गाडी उभी आहे. मग ती जुनी, दुसऱ्या हातची मारुती का असेना. ती बापाच्या फंडातून, मुलाच्या पगारातून, आईच्या बचत गटातून आलेली असते. कुठे ती टॅक्सी असते, कुठे शाळेची व्हॅन, कुठे मालाचा टेम्पो, आणि घरची चूल तिच्यावर पेटते. भाड्याच्या गाडीला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग करून घ्यावे लागते. पत्रा सडला, तळ गळू लागला तर पासिंग अडते. पासिंग अडले की धंदा बसतो. हप्ता मात्र थांबत नाही. तेव्हा गाडीचा पत्रा जपणे म्हणजे मिळवलेली गोष्ट जपणे होय.

पाणी वरूनच येते असे नाही

कव्हर निवडण्याआधी गंज कसा धरतो हे समजून घ्यावे. लोखंडाला गंज चढायला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि हवा. समुद्राकाठच्या हवेत मीठ असते, त्यामुळे मुंबई, रायगड, रत्नागिरीकडे तो अधिक वेगाने चढतो. पावसाचे पाणी पत्र्यावर पडून निघून गेले आणि पत्रा वाळला, तर फारसे बिघडत नाही. पाणी अडकून राहिले तर बिघडते. म्हणजे गाडी भिजण्याला तितके भिऊ नये, ती ओली राहण्याला भ्यावे.

प्लास्टिकच्या कागदाखाली नेमके हेच होते. गाडीखालची जमीन ओली असते. दुपारी थोडे ऊन पडले की त्या ओलीची वाफ होऊन वर येते. प्लास्टिकमधून ती बाहेर जाऊ शकत नाही. रात्री गारवा आला की तीच वाफ पत्र्यावर आणि प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसते. सकाळी कागद उचलून पाहा, रात्री पाऊस नसला तरी गाडीला घाम सुटलेला दिसेल. असे चार महिने चालले की रंगाखाली ओल शिरते, रंगाला फोड येतात आणि पुढे पोपडे निघतात.

हे आपल्या गावाकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. भातलावणीला आपली आई-आजी डोक्यावरून इरले घेत असे. इरले पाठीवर पाऊस झेलते, पण खालून वारा खेळतो, म्हणून अंग सादळत नाही. धनगराची घोंगडी भिजते, पण अंगाला कोंडत नाही. उलट प्लास्टिकची खोळ घालून तासभर काम केले की पावसाने नव्हे, घामानेच माणूस ओलाचिंब होतो. गाडीलाही इरले किंवा घोंगडी हवी, खोळ नको. सगळ्या निवडीचे मर्म एवढ्यात आहे.

बाजारात काय मिळते?

साध्या गाडीच्या कव्हराची किंमत काही शेकड्यांपासून काही हजारांपर्यंत असते. वरून सगळी चंदेरी किंवा निळी दिसतात, कापड मात्र निरनिराळे असते.

पहिला प्रकार म्हणजे प्लास्टिकचा कागद, मेणकापड किंवा विणलेली प्लास्टिकची ताडपत्री. यातून पाणी आत येत नाही, पण वाफही बाहेर जात नाही. शिवाय तिची आतली बाजू खरखरीत असते. वाऱ्याने हलली की रंगावर रेघोट्या पाडते. हा माल थेट गाडीवर टाकू नये. त्याचा चांगला उपयोग वेगळा आहे, तो पुढे सांगू.

दुसरा प्रकार सुती कापडाचा. हे मऊ असते, हवा खेळती ठेवते, पण पाणी पिते. छपराखाली, धुळीपासून वाचवायला ते उत्तम. उघड्यावर पावसात मात्र ओले गोणपाट अंगावर टाकल्यासारखे होते.

तिसरा प्रकार पातळ पॉलिएस्टरचा, ज्यावर चंदेरी लेप असतो. आपल्याकडे हाच सर्वांत जास्त खपतो. तो स्वस्त आणि हलका असतो, ऊन व धूळ अडवतो. पण एका पावसाळ्यात बरेचदा लेप उडतो आणि शिलाईतून पाणी झिरपू लागते.

चौथा प्रकार जाड पॉलिएस्टरचा, आतून पाणी अडवणारा थर दिलेला. मुसळधार पावसाला हाच टिकतो. मात्र थर असल्यामुळे वाफ कमी बाहेर जाते. म्हणून अशा कव्हराच्या दोन्ही बाजूंना झाकण असलेल्या जाळीच्या खिडक्या आहेत की नाहीत ते पाहावे, आणि आतून मऊ अस्तर असावे.

पाचवा प्रकार न विणलेल्या, दाबून बनविलेल्या अनेक पदरी कापडाचा. कोरोनाच्या काळात, 2020 साली, आपण जे तीन पदरी निळे मास्क तोंडाला बांधत होतो, त्याच जातीचे हे कापड. मधला बारीक पदर पाण्याचे थेंब अडवतो आणि वाफ जाऊ देतो. रंगाला ते मऊ लागते. पण कोकणातली दोन-दोन दिवसांची झड त्याला सोसत नाही, ते हळूहळू भिजते. कडक उन्हाने ते विरते, म्हणून ऊन सोसण्याची प्रक्रिया केलेले आहे का, हे विचारून घ्यावे.

मग घ्यावे कोणते? चार महिन्यांचा पाऊस पूर्णपणे अडवणारे आणि वाफही पूर्णपणे जाऊ देणारे कापड मिळत नाही, हे आधी लक्षात घ्यावे. दुकानदार तसे म्हणाला तरी विश्वास ठेवू नये. मुंबई, ठाणे, कोकण, कोल्हापूरचा घाटाकडचा भाग अशा ठिकाणी गाडी पूर्ण उघड्यावर असेल तर जाळीच्या खिडक्यांचे जाड पॉलिएस्टर घ्यावे आणि उघडीप मिळेल तेव्हा ते काढावे. वर पत्र्याचे छप्पर, जिना किंवा गॅलरी असून फक्त तिरके शिंतोडे येत असतील तर अनेक पदरी कापड अधिक चांगले. मराठवाडा, विदर्भ, खानदेशात पाऊस कमी आणि ऊन अधिक, तेथे ऊन सोसणारे फिक्या रंगाचे कव्हर घ्यावे. वेष्टनावर 'वॉटरप्रूफ' आणि 'वॉटर रेझिस्टंट' असे दोन शब्द दिसतात. पहिला म्हणजे पाणी अडवणारे, दुसरा म्हणजे थोडा वेळ दम धरणारे. दोन्ही एकच समजू नयेत.

घेण्यापूर्वीच्या परीक्षा

कव्हराबरोबर अनेकदा त्याच कापडाची पिशवी येते. ती हातात घेऊन चार परीक्षा कराव्यात.

पहिली : पिशवीत तांब्याभर पाणी ओतून दहा मिनिटे धरावी. कापडातून पाणी गळते की शिलाईतून, ते पाहावे. सुईच्या भोकांतून बहुतेक पाणी येते. म्हणून टपाच्या मधोमध शिलाई नसलेले किंवा शिलाईवर आतून पट्टी चिकटवलेले कव्हर निवडावे.

दुसरी : पेल्यात गरम पाणी घेऊन तोंडावर कापड ताणावे आणि रबराने घट्ट बांधावे. वर अर्धे बोट अंतरावर थंड स्टीलची ताटली धरावी. दोन-तीन मिनिटांत ताटलीला दव धरले तर कापडातून वाफ जाते. ताटली कोरडी राहिली तर ते कापड गाडीला कोंडणार.

तिसरी : कापडाची आतली बाजू गालावर फिरवावी. गालाला खुपते ते रंगालाही खुपेल.

चौथी : कापड उजेडासमोर धरावे. विरळ विण आणि बारीक छिद्रे लगेच दिसतात.

माप नीट घ्यावे

सैल कव्हर फडफडते आणि घट्ट कव्हर शिलाईत फाटते. 'लहान गाडी, मोठी गाडी' अशा मोघम मापाचे कव्हर घेऊ नये. गाडीचे नाव आणि ती कोणत्या साली बनली, हे दोन्ही सांगावे. मारुती 800 ची लांबी 3,335 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ 11 फूट. 2019 साली आलेल्या वॅगन आरची 3,655 मिलिमीटर, म्हणजे 12 फूट, आणि त्याआधीची वॅगन आर याहून आखूड. नाव एकच, पण माप वेगळे. मागून बसविलेले कॅरिअर, बंपरवरचा पाइप किंवा उंच एरियल असेल तर टेप लावून माप घ्यावे. आरशांसाठी खिसे, पुढे-मागे खालच्या कडेला इलॅस्टिक, आणि पोटाखालून घेता येईल असा बक्कल असलेला पट्टा, या तीन गोष्टी असतील तर कव्हर जागेवर राहते.

कव्हर टाकण्याआधी

मळक्या अंगावर कोरे पांघरूण घालण्यात अर्थ नाही. रंगावर धूळ असताना कव्हर टाकले की ती धूळ पॉलिश पेपरासारखी घासते. म्हणून गाडी धुवावी. चाकावरच्या कमानीतला चिखल काढावा. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी बारीक भोके असतात, ती काडीने मोकळी करावीत. ही भोके तुंबली की दरवाजा आतून सडतो, आणि वरचे कव्हर त्याला वाचवू शकत नाही. मग गाडी दिवसभर उन्हात वाळू द्यावी. पॉलिश केल्यास उत्तम. जेथे रंग उडून पत्रा दिसतो, तेथे प्रायमर लावून घ्यावा.

आतल्या रबरी मॅट काढून घरात ठेवाव्यात, त्यांच्याखाली ओल साठते. खाण्याचे तुकडे, बिस्किटांचे कागद काढावेत, नाहीतर उंदीर येतात. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून ठेवावी. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा दोन-तीन पौंड जास्त भरावी. जमीन सपाट असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, ब्रेक चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून विटा लावाव्यात. पेट्रोलची टाकी भरलेली असावी. रिकाम्या टाकीत हवेतली ओल पाणी होऊन बसते, आणि आजच्या पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल ओल ओढून घेते.

फिरवून आणलेल्या गाडीवर लगेच कव्हर टाकू नये. तापलेल्या सायलेन्सरला कापड चिकटून वितळते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. आणि कव्हर घातलेले असताना इंजिन कधीही सुरू करू नये. त्यात आग आणि विषारी धूर, दोन्हींचा धोका आहे.

बांधणे आणि उघडणे

कोपऱ्यांना दगड बांधण्याची पद्धत सोडून द्यावी. वाऱ्याने दगड हलतो आणि पत्र्याला पोचे पाडतो. पट्टा पोटाखालून घ्यावा. पट्टा नसेल तर जुन्या सायकलची ट्यूब कापून तिच्या पट्ट्या वापराव्यात, त्या ताणतात आणि रंगाला ओरखडत नाहीत. कव्हर जमिनीला टेकेपर्यंत खाली ओढू नये. खाली चार बोटे मोकळी ठेवावीत, म्हणजे वारा खेळेल. पाणी साचायची जागा म्हणजे बोनेट आणि काच यांच्यामधला खोलगट भाग. तेथे कव्हराखाली जुनी उशी किंवा चादरीची घडी ठेवून उंचवटा करावा, पाणी आपोआप वाहून जाईल.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चांगल्यातले चांगले कव्हरही चार महिने न उघडता ठेवले तर ते खोळच होते. पावसाने उघडीप दिली, चांगले ऊन पडले की कव्हर काढावे, दोरीवर वाळत टाकावे, गाडीचे चारही दरवाजे तासभर उघडे ठेवावेत. आठवड्यातून एकदा हे झाले तर तीनशे रुपयांचे कव्हरही आपले काम करते. न झाले तर तीन हजारांचेही करीत नाही. महिन्यातून एकदा बॅटरीची तार जोडून गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणावी, म्हणजे ब्रेक, टायर आणि बॅटरी तिन्ही जिवंत राहतात.

हे काम एकट्या पुरुषाचे समजू नये. मोठे कव्हर दोघांनी धरले की नीट निघते आणि नीट घडी होते. ते एकट्याने ओढले की जमिनीवर लोळते आणि त्याला लागलेली वाळू पुन्हा गाडीवर येते. घरातल्या मुलींनाही बॅटरीची तार सोडविणे, हवा तपासणे शिकवावे. उद्या त्यांनाच गाडी चालवायची आहे.

पैसे कमी असतील तर

कव्हरावर खर्च करणे जमत नसेल तर निळ्या ताडपत्रीचा खरा उपयोग येथे आहे. ती गाडीवर न टाकता गाडीच्या वर बांधावी. चार बांबू रोवून, एका बाजूला उतार देऊन, टपापासून हातभर उंच ताडपत्री ताणावी. दोन बाजू मोकळ्या ठेवाव्यात. ज्या अंगाने पाऊस येतो, त्या बाजूला झाप किंवा जुने पोते लावावे. कोकणात घराच्या पडवीला पावसाआधी झापे लावतात, तसेच हे. पाऊस वर अडतो आणि गाडीभोवती हवा खेळत राहते. असा मांडव आणि आत जुनी सुती चादर, ही जोडी महागड्या कव्हरापेक्षा गाडीला अधिक मानवते. ताडपत्रीवर जीएसएमचा आकडा असतो. आकडा जितका मोठा, तितके कापड जाड. मांडव सार्वजनिक रस्त्यावर मात्र घालू नये. शेजाऱ्यांची वाट अडवू नये आणि आवार विहाराचे असेल तर समितीची परवानगी घ्यावी.

रस्त्यावर महिनोन्महिने झाकून ठेवलेली गाडी महानगरपालिका बेवारस समजून उचलून नेऊ शकते. म्हणून नंबर प्लेट दिसेल अशी सोय असलेले कव्हर घ्यावे आणि गाडी अधूनमधून हलवावी. कागदपत्रे मात्र घरात ठेवावीत, गाडीत नव्हे.

रिक्षा आणि दुचाकी

रिक्षा पावसातही धावते, तेव्हा तिला रात्रीपुरते कव्हर लागते. ते हलके, एका माणसाला दोन मिनिटांत घालता येईल असे असावे. रिक्षाला जपायचे असते ते मीटर, पुढची वायरिंग आणि सीट. रात्री हुडाचे पडदे खाली सोडून, मीटरवर छोटी वेगळी पिशवी घालून मग कव्हर टाकावे. ओल्या रेक्झिनवर रोज कव्हर टाकले तर बुरशी धरते, आधी फडक्याने पुसून घ्यावे. दुचाकीला चाकांपर्यंत न पोहोचणारे आखूड कव्हर चालते. सायलेन्सर थंड झाल्याशिवाय मात्र तेही घालू नये.

कव्हर जेथे कामाचे नाही

26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. जुलै 2021 मध्ये महाड आणि चिपळूण पुराखाली गेले. अशा पाण्यापुढे कोणतेही कव्हर टिकत नाही. पुराचा इशारा मिळताच गाडी उंचावर न्यावी. पाण्यात बुडालेली गाडी किल्ली फिरवून सुरू करून पाहू नये, इंजिनात पाणी शिरलेले असेल तर ते कायमचे निकामी होते. ती ओढूनच गॅरेजला न्यावी. ज्यांचा विमा केवळ थर्ड पार्टीचा आहे, त्यांना पुराची भरपाई मिळत नाही, हे पावसाळ्याआधीच ध्यानात घ्यावे. 3 जून 2020 रोजी रायगड किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग वादळासारखा वारा येणार असेल तर कव्हर काढून ठेवणेच बरे. शिडासारखे फुगलेले कव्हर काचा आणि आरसे मोडते.

आणखी एक गोष्ट आम्ही हात जोडून सांगतो. झाकलेली गाडी मुलांना लपाछपीची जागा वाटते. आत शिरलेले मूल दरवाजा लागून अडकले तर कव्हरामुळे बाहेरून कोणाला दिसतही नाही, आणि उन्हात बंद गाडी काही मिनिटांत भट्टीसारखी तापते. म्हणून कव्हर घालण्यापूर्वी सर्व दरवाजे आणि डिकी कुलूपबंद करावी व किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नये. कव्हर काढताना काठीने आधी ठोकावे, खाली साप, विंचू किंवा उंदीर असू शकतात. उंदरांची घाण दिसली तर उघड्या हाताने काढू नये, लेप्टोचा धोका असतो. हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घालावी.

हिवाळ्याचे काय?

कॅनडा, उत्तर अमेरिका, युरोपातला थंड भाग येथे गाड्या झाकून ठेवतात त्या हिवाळ्यात. तेथे बर्फ पडतो आणि तो वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, त्या मिठाने पत्रा सडतो. नातेवाइकांनी परदेशातून पाठविलेले कव्हर अशा बर्फासाठी बनविलेले असते. ते जड आणि उबदार असते, आपल्या पावसाळी दमटपणाला उपयोगी पडेलच असे नाही. तेव्हा 'फॉरेनचे' म्हणून ते चांगले, असे समजू नये. वर सांगितलेल्या चारही परीक्षा त्यालाही लावाव्यात.

आपल्याकडच्या हिवाळ्यात, विशेषतः नागपूर, भंडारा, चंद्रपूर, अमरावतीकडे, पहाटे भरपूर दव पडते आणि दिवसभर धूळ उडते. तेथे पाणी अडवण्यापेक्षा वाफ जाऊ देणारे हलके कव्हर बरे. दव पडलेले कव्हर सकाळी ऊन आल्यावर काढून झटकावे आणि वाळल्यावरच घडी घालावी. ओले कव्हर घडी करून डिकीत टाकले की त्याचा आतला थर चिकट होऊन सोलून निघतो. कव्हर धुताना साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुवावे. तीव्र साबणाने पाणी अडवणारा लेप जातो.

दसऱ्याच्या सुमारास कव्हर निघेल तेव्हा लगेच लांबच्या प्रवासाला निघू नये. टायरची हवा, ब्रेक, वायपरची रबरे, दिवे, इंजिनचे तेल तपासून घ्यावे, बोनेट उघडून वायरी कुरतडल्या आहेत का ते पाहावे, आणि आधी गल्लीतच दोन फेऱ्या माराव्यात. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरच्या दीक्षाभूमीकडे आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीकडे आपल्यातील अनेक कुटुंबे स्वतःच्या गाडीने निघतात. त्या गाडीत म्हातारी माणसे असतात, लेकरे असतात. ती वाटेत बंद पडू नये याची तयारी प्रवासाच्या आदल्या रात्री करून भागत नाही. ती जूनमध्ये, पहिल्या सरीच्या आधी, कव्हर निवडतानाच सुरू होते.

जय भीम!